दसरा ते दिवाळी : सांदवाडीत कोण येतं, कोणापासून जपायचं?

सिंदी (रेल्वे) : पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि सोयाबीनची सवंगणी सुरू झाली की सेलू तालुक्यात शेतातली वस्ती घराकडे सरकते. उभं पीक कापल्यावर उंदरांना आडोसा राहत नाही. ते धुऱ्यावरून गोठ्यात, कुटाराच्या ढिगात, पऱ्हाटीच्या गंजीत शिरतात. त्यांच्या मागोमाग साप येतो.

जपायचं ते नाग, घोणस आणि मण्यार या तिघांपासून. चौथं फुरसं, ते मुरमाड जागी जास्त. घोणस (काही गावांत परड म्हणतात) जाडजूड असते, अंगावर साखळीसारखे गडद ठिपके, डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. ती पळत नाही, निपचित पडून राहते, म्हणून कुटारात उघडा हात घालू नका. आधी काठीने हलवा.

मण्यार रात्रीची. काळी, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे. बिनविषारी कवड्याही असाच पट्ट्यांचा. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होतात, मण्यारचे डोक्याकडे पुसट असतात. पण ओळख पटवायला जवळ जायची गरज नाही. मण्यार बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशा वेळी पित्त झालं म्हणून गोळी घेऊन बसणं जिवावर बेततं. उकाड्यामुळे अंगणात झोपायचंच असेल तर खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

साप चावला तर

माणसाला आडवं निजवा, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. चावलेला हात-पाय काठी लावून स्थिर ठेवा. दोरी आवळणं, ब्लेडने कापणं, तोंडाने विष ओढणं यातलं काहीच करू नका. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. १०८ ला फोन करा. जवळच्या सरकारी दवाखान्यात निघतानाच तिथे सापाची लस आहे का, हे फोनवर विचारून घ्या. मोठ्या उपचारासाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय जिल्ह्यातच आहे. साप मारून सोबत नेऊ नका. आपल्याकडची लस या चारही सापांच्या विषावर एकच असते.

आपल्या बाजूचे

धामण दिसली की लोक काठी घेऊन धावतात. ही लांबलचक, चपळ धामण बिनविषारी असते आणि उंदरांवर जगते. ती गाईचं दूध पिते हे खरं नाही, सापाच्या तोंडाची ठेवणच दूध ओढायची नाही. मुंगूसही उंदीर खातं. पिंगळा घरावर बोलला की अपशकून मानतात. तो बिचारा उंदरांची पिल्लं आणि किडे शोधत बसलेला असतो. घुबडाचंही तसंच.

लिंबाच्या झाडावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडेल. पुढे ती हिरवी होते आणि तिचं फुलपाखरू बनतं. झाड मोठं असेल तर चार पानं खाऊ द्या, रोप असेल तर अळ्या हाताने वेचा. वालाच्या वेलावर काळा मावा आला की लाल ढालकिडेही येतात. ढालकिडा आणि त्याची अळी, दोघंही मावा खातात. त्यावर लगेच कपाशीचं औषध मारलं तर ढालकिडे मरतात आणि मावा पुन्हा येतो. शिवाय त्या शेंगा आपल्याच भाजीत जातात.

याच दिवसांत शेपूट हलवत फिरणारा धोबी पक्षी उत्तरेकडून येतो. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठही तारेवर दिसतो, किडे टिपत.

साप, घोरपड, घुबड मारणं किंवा पकडून विकणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. दिवाळीत पूजेसाठी घुबड मागणारे भेटले, किंवा घरात साप शिरला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. सापावर लांबून नजर ठेवा, पोरांना आणि ढोरांना बाजूला घ्या.