सुतारी हत्यारांची साक्ष

जुन्या वाड्यांच्या माळ्यावरून दप्तरें हुडकून काढणाऱ्या आमच्या संशोधकबंधूंची दृष्टि त्याच माळ्याच्या तुळयांकडे क्वचितच वळते. वास्तविक तुळईच्या अंगावरील हत्याराच्या खुणा हाहि एक लेखच होय. अक्षराच्या वळणावरून पोथीचा काल ताडणाऱ्यास तो वाचण्याचे फारसे सायास पडूं नयेत.

प्रथम नांवें पाहूं. सुतार हा शब्द सूत्रधार यापासून आला. गेरूंत बुडविलेलें सूत ओंडक्यावर ताणून झटका दिला कीं रेघ उमटते, आणि करवत त्या रेघेनें चालते. करवत म्हणजे संस्कृत करपत्र. अमरकोशाच्या शूद्रवर्गांत क्रकच व करपत्र हे शब्द एकत्र दिले आहेत. तेथेंच वृक्षादनी, वेधनिका इत्यादि हत्यारें येतात. चांभाराची आरी तर तेथील आराच होय. परंतु या यादींत रंध्यास प्रतिशब्द आढळत नाहीं. रंधा हा फारशी 'रंदा', व काटकोन पाहण्याचा गुण्या हा फारशी 'गुनिया'. गिरमिट उघडच इंग्रजी अमदानींतलें. एकाच पेटींत असे तीन थर सांपडतात.

एवढ्यावरून रंधा बहामनी राज्यानंतरच (इ. स. १३४७) इकडे आला असा सिद्धांत करणें घाईचें होईल, शब्द उसना म्हणून वस्तूहि उसनीच असें नव्हे. मात्र जाड कामांत रंध्यावांचून अडत नसे, कारण वाकस होता. याचें पातें दांड्यास आडवें बसविलेलें असतें, व सुतार तासतो तो आपल्याकडे ओढून. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांतील २९ व्या सूक्तांत हातीं वाशी धरणारा जो देव येतो, तो त्वष्टा असें समजतात. पालि संयुत्तनिकायांतहि सुताराच्या वासीचा दृष्टांत आहे: बोटांनीं व अंगठ्यानें तिचा दांडा झिजतो, पण आज किती झिजला हें त्याला सांगतां येत नाहीं, झिजल्यावरच कळतें. असें निरीक्षण केवळ ग्रंथ वाचून साधत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

भोंकें पाडण्याचा सामता आतां दुर्मिळ झाला आहे. कांड्याभोंवतीं दोरीचा वेढा देऊन ती कमानीसारख्या दांड्यास बांधावी व दांडा पुढेंमागें ओढावा, म्हणजे कांडें आलटून पालटून दोन्हीं दिशांनीं फिरतें.

हत्यार धरणाराचें स्थानहि जुनेंच आहे. पाणिनीनें ५.४.९५ या सूत्रांत ग्रामतक्ष व कौटतक्ष असे दोन सुतार वेगळे केले. काशिकेच्या मतें पहिला सर्व गांवाचा साधारण. दुसरा आपल्या घरीं स्वतंत्रपणें काम करणारा, कोणाशींहि न बांधलेला. आमच्या गांवगाड्यांत नांगर व कुळव दुरुस्त करून बलुतें घेणारा सुतार हा पहिल्याचाच वारस दिसतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतास प्राचीन लांकडी कमानी अद्यापि आहेत. आणि तेथील एका लेखांत धेनुकाकटाच्या सामि नामक वढकीनें दार केल्याचें नमूद आहे. वढकी म्हणजे अमराचा वर्धकि. पाषाणांतलें दार घडविणारा स्वतःस सुतार म्हणवितो, ही गोष्ट आमच्या मतें फार बोलकी आहे.

आतां खुणांविषयीं. वाकसानें तासलेल्या तुळईवर उथळ खोलगट टवके ओळीनें दिसतात, रंध्याची पाठ सपाट लागते. दोघांनीं ओढलेल्या करवतीचे ओरखडे सरळ पण विषम असतात, यंत्रावरील चक्रकरवतीचे कमानदार. टवके दिसले कीं तुळई शिवकालीन, असें म्हणणें अनाठायी, कारण वाकस पुढेंहि चालतच राहिला. कमानदार ओरखडा असेल तर मात्र ती फळी यंत्र येण्यापूर्वीची नव्हे, हें निःसंशय.

शनिवारवाड्याचें लांकूडकाम १८२८ च्या आगींत गेलें. उरलेल्या वाड्यांत दुरुस्तीच्या वेळीं जुन्या तुळया विजेच्या रंध्याखालीं घालून गुळगुळीत करण्याची चाल पडली आहे, व त्यासरशी लेख पुसला जातो. आमची विनंती एवढीच कीं, तुळई उतरली कीं रंधा लागण्यापूर्वीं तिचा ठसा घ्यावा, आणि वृद्ध सुतारांची पेटी भंगारांत जाण्याआधीं प्रत्येक हत्याराचें नांव त्यांच्याच उच्चारांत टिपून ठेवावें. ठशास शिलालेखासाठीं वापरतों तोच कागद व तीच शाई पुरते.