अंबाझरीचा बांध आणि ओव्हरफ्लो

आपल्या शाळेतल्या कुणाला अंबाझरी तलाव नव्याने दाखवायची गरज नाही. बाग, नावा, भाजलेले भुट्टे आणि श्रावणात ‘ओव्हरफ्लो’ पाहायला निघालेल्या सायकली सगळ्यांच्या आठवणीत आहेत. मात्र हा तलाव फिरण्यासाठी बांधलेला नव्हता. म्हणून या स्मरणिकेत त्याचा थोडा इतिहास मांडतो.

नाग नदीच्या वरच्या अंगाला भोसलेकाळात हा तलाव झाला. पुढे इंग्रजी अमलात, 1870 नंतरच्या काही वर्षांत, इथूनच शहराला नळाचे पाणी मिळू लागले. आपल्या पणजोबांच्या पिढीने हेच पाणी प्यायले. नंतर गोरेवाडा आणि कन्हानचे पाणी आले, शहराची तहान तिकडे वळली. 1958 मध्ये बाग झाली आणि अंबाझरी सहलीची जागा ठरली.

बांध मात्र तोच मातीचा राहिला. मातीच्या बांधाला पाण्याचा दाब सोसतो, पण माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. माती धुपत जाते आणि बांध फुटतो. म्हणून जादा पाण्यासाठी बाजूला सांडवा ठेवतात. आपण ज्याला ओव्हरफ्लो म्हणून टाळ्या पिटत होतो, तो हाच सांडवा. बांधावर मोठी झाडेही वाढू द्यायची नसतात. मुळे कुजली की पाण्याला आतून वाट मिळते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. बांध टिकला, पण सांडव्यावरून सुटलेले पाणी नाग नदीच्या पात्रात मावले नाही. अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधली घरे बुडाली, माणसे दगावली. आपल्या बॅचच्या एका मैत्रिणीच्या घरातले आईवडिलांचे सगळे फोटो त्या चिखलात गेले. सांडव्यापुढची वाट मोकळी असावी, हा प्रश्न नंतर उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

मित्रमैत्रिणींनो, दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी पाणी साठवताना ते सोडायची जागाही राखली होती. त्या जागेवर आणि पुढच्या पात्रावर शहर सरकत गेले. आपल्यापैकी कितीतरी जण आज अभियंते, वकील, बिल्डर, नगरसेवक आहेत. नकाशावर सही करताना नदीची रुंदी एकदा पाहावी, एवढेच मागणे.