बिनतारी विद्या आणि कलकत्ता विद्यापीठ

बिनतारी संदेशाचा खरा जनक कोण, जगदीशचंद्र बोस कीं मार्कोनी, हा वाद आपल्याकडे मोठ्या हौसेनें केला जातो. आपल्या देशांतील एका थोर शास्त्रज्ञास न्याय मिळावा ही इच्छा स्तुत्यच आहे. तथापि या वादाच्या धुळींत एक अधिक महत्त्वाचा प्रश्न दिसेनासा होतो, असें आम्हांस वाटतें. बोसांनीं जी विद्या कलकत्त्यास निर्माण केली ती त्यांच्यामागून तेथें लगेच कां वाढली नाहीं? आणि पुढें ती तेथें रुजली ती कोणत्या उपायानें?

प्रथम बोसांचें कार्य पाहूं. प्रेसिडेन्सी कॉलेजांत अध्यापन करीत असतांना त्यांनीं अल्प साधनांनिशीं हें संशोधन आरंभिलें व 1895 सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढें या विषयावरील आपला निबंध मांडला. हर्ट्झच्या लहरी कांहीं मीटरांपासून सुमारें 66 सेंटिमीटरांपर्यंत लांब होत्या. बोसांनीं ही लांबी 5 मिलिमीटरांपर्यंत खालीं आणली. अशी लहर सेकंदास सुमारें 6,000 कोटी कंपनें करते. ती इतकी आखूड असल्यामुळें तिचें परावर्तन, वक्रीभवन व ध्रुवीभवन टेबलावर मांडलेल्या लहानशा उपकरणांनींही तपासतां येतें. साखरेच्या द्रावणांतून जातांना प्रकाशाच्या कंपनाचें प्रतल फिरतें. त्याचें अनुकरण म्हणून बोसांनीं तागाच्या पीळ दिलेल्या जुड्या घेतल्या व विद्युल्लहरींचें प्रतलही तसेंच फिरतें हें दाखविलें. 1897 सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांचें व्याख्यान झालें. गॅलेना या शिशाच्या खनिजापासून केलेल्या लहरीग्राहकाचें पेटंट 1904 सालीं त्यांना अमेरिकेंत मिळालें.

इतकें असूनही पुढील पाव शतकांत या प्रयोगांची परंपरा कलकत्त्यास निर्माण झाली नाहीं. याचें एक कारण उघड आहे. व्यापारास व आरमारास दूरवर संदेश हवा होता, आणि त्या काळच्या ठिणगीयंत्रांतून निघणाऱ्या आखूड लहरी फार क्षीण असत. म्हणून मार्कोनीप्रभृतींनीं लांब लहरींचा मार्ग धरला. बोसांची जिज्ञासाही शतकाच्या अखेरीस निर्जीव व सजीव पदार्थांच्या प्रतिसादाकडे, आणि मग वनस्पतींकडे वळली. 1917 सालीं त्यांनीं काढलेल्या संस्थेचा रोखही मुख्यत्वें तिकडेच राहिला. यांत त्यांचा दोष नाहीं. बुद्धिमान् पुरुषानें नव्या वाटेनें जावें हेंच योग्य. परंतु तो निघून गेल्यावर जुन्या वाटेवर चालणारें कोणी उरावें, अशी योजना त्या वेळीं विद्यापीठांत नव्हती. बिनतारी विद्या हा तेथें परीक्षेचा विषय नव्हता व तिची स्वतंत्र प्रयोगशाळाही नव्हती.

ही योजना केली शिशिरकुमार मित्र यांनीं. ते प्रेसिडेन्सी कॉलेजचेच विद्यार्थी. पॅरिस येथें प्रकाशशास्त्रावर पदवी मिळविल्यावर ते नॅन्सी येथें प्रोफेसर गुतों यांच्या प्रयोगशाळेंत गेले. तेथें निर्वात नळ्यांच्या योगानें बिनतारी विद्येचें स्वरूप कसें पालटत आहे हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. हा विषय एम्.एस्सी.च्या अभ्यासक्रमांत घ्यावा, हा विचार त्यांनीं आशुतोष मुखर्जी यांच्यापुढें मांडला व त्यास आधार मिळाला. 1923 सालीं मित्र कलकत्ता विद्यापीठांत खैरा प्रोफेसर झाले. अभ्यासक्रम सुरू झाला, प्रयोगशाळा उभी राहिली. त्याच दशकांत ‘टू सी झेड’ या संकेतानें तेथून ध्वनिक्षेपणही होऊं लागलें. 1930 सालीं मित्र व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वातावरणांतील विद्युद्भारित ‘ई’ थराचा प्रायोगिक पुरावा दिला. 1947 सालीं उच्च वातावरणावरील त्यांचा विख्यात ग्रंथ निघाला, आणि 1949 सालीं रेडिओ पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स यांची स्वतंत्र संस्था विद्यापीठांत स्थापन झाली. ती आजही चालू आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, अभ्यासक्रमानें प्रतिभा थोडीच निर्माण होते? खरें आहे. मित्रांच्या वर्गांतून दुसरे बोस निघाले असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या विषयाचा स्वभावच असा आहे कीं तो पुस्तकांत पुरा मावत नाहीं. साध्या विद्युन्मंडळांत तार ही केवळ वाट असते. कंपनें वाढलीं म्हणजे तीच तार मंडळाचा एक घटक होऊन बसते. 5 मिलिमीटरांच्या लहरीस सव्वा मिलिमीटरांचा उघडा तुकडाही आकाशक म्हणून पुरतो, आणि एखादा सांधा किंचित् सैल असला तरी सारें गणित बिघडतें. हें ज्ञान हातांत मुरावें लागतें व एका हातानें दुसऱ्या हातास द्यावें लागतें. तें देण्यासाठीं वर्ग, बाक आणि वर्षानुवर्षें टिकणारी प्रयोगशाळा हवी.

1940 सालीं बर्मिंगहॅम येथें रॅन्डॉल व बूट यांनीं 10 सेंटिमीटरांच्या प्रबळ लहरी देणारी नळी तयार केली आणि आखूड लहरींचें युग सुरू झालें. आज मोटारींतील रडार सेकंदास 7,600 कोटींहून अधिक कंपनांवर चालतें. म्हणजे बोसांच्या टेबलावरील प्रदेशांतच जगाचा व्यवहार येऊन पोंचला आहे. आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही नखाएवढ्या चकत्यांत गणकयंत्र व बिनतारी यंत्र एकत्र बसविलेलें पाहतात, तें जोडतात व चालवितात. पण ती चकती बहुधा बाहेरून आलेली व बंद असते. तिच्या आंत काय घडतें हें मोजून पाहण्याची साधनें जेथें नाहींत, तेथें विद्येचा वापर होईल; तिची वाढ मात्र व्हावयाची नाहीं.

बोसांचा गौरव आपण अवश्य करावा. मात्र त्यांच्या नांवानें मार्कोनीशीं भांडण्यांत जेवढा उत्साह खर्च होतो, त्याचा कांहीं अंश जरी मित्रांच्या उद्योगाकडे वळला, तरी पुढील बोसांचें काम पाव शतक पोरकें राहणार नाहीं.