पेडर सरोवर : निसर्गछायाचित्रण आणि इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

छायाचित्र हे इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही. तथापि या साधनाचा उपयोग बहुधा व्यक्ती, वास्तू आणि समारंभ यांच्यापुरताच होतो. डोंगर, नदी, सरोवर यांच्या छायाचित्रांकडे आपण रसिक म्हणून पाहतो, अभ्यासक म्हणून पाहत नाही. निसर्गचित्र सुंदर असते. म्हणून ते काळाबाहेरचे आणि पर्यायाने इतिहासाबाहेरचे असे गृहीत धरले जाते. ही समजूत किती अपुरी आहे, हे ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरील पेडर सरोवराच्या छायाचित्रांवरून स्पष्ट होते. हे सरोवर १९७२ साली धरणाच्या पाण्याखाली गेले. ज्या छायाचित्रकाराने ते अखेरपर्यंत टिपले, तो धरण बांधणाऱ्या जलविद्युत आयोगाच्याच नोकरीत होता. प्रस्तुत निबंधात या छायाचित्रकाराचे कार्य, त्याच्या वारसदाराने फ्रँकलिन नदीचे केलेले चित्रण आणि या दोहोंचे राजकीय परिणाम यांचा विचार केला आहे.

सरोवर आणि त्याचे चित्रकार

टास्मानियाचा नैर्ऋत्य भाग डोंगराळ, अतिवृष्टीचा आणि जवळजवळ निर्मनुष्य आहे. भूमापक जॉन वेज यांनी १८३५ मध्ये तेथील एका सरोवराला वसाहतीचे मुख्य न्यायाधीश सर जॉन पेडर यांचे नाव दिले. सरोवर विस्ताराने लहानच होते. परंतु त्याच्या एका काठाला स्फटिकयुक्त गुलाबी वाळूची सुमारे तीन किलोमीटर लांबीची चौपाटी होती आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की ती इतकी रुंद होत असे, की छोटी विमाने तिच्यावर उतरत. पाणी वनस्पतिजन्य द्रव्यांमुळे चहाच्या रंगाचे, गडद. वारा पडला म्हणजे फ्रँकलंड पर्वतरांग त्यात आरशासारखी उमटे. १९५५ मध्ये हा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

टास्मानियात निसर्गछायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. जॉन वॉट बीटी (१८५९–१९३०) हे होबार्ट येथील व्यावसायिक छायाचित्रकार १८९६ पासून सरकारी छायाचित्रकार म्हणूनही ओळखले जात. जादूच्या कंदिलाच्या साहाय्याने काचेवरील चित्रे पडद्यावर दाखवून ते बेटाच्या निसर्गावर आणि इतिहासावर व्याख्याने देत. बीटी यांच्या चित्रांनी बेटाकडे प्रवासी ओढले. त्यात सरकारचेही हित होते. अंधाऱ्या सभागृहात पडद्यावर निसर्ग दाखवून लोकांचे मन वळविण्याची ही पद्धत पुढे अगदी निराळ्या हेतूने वापरली गेली, हे लक्षात घ्यावयास हवे.

तो हेतू ओलेगास ट्रुकानास यांच्याकडून आला. १९२३ साली लिथुआनियात जन्मलेले ट्रुकानास दुसऱ्या महायुद्धाच्या वावटळीत देशोधडीला लागले आणि १९४८ मध्ये टास्मानियात पोहोचले. प्रथम जस्ताच्या कारखान्यात मजुरी, नंतर जलविद्युत आयोगात कारकुनी, असा त्यांचा चरितार्थ होता. सुट्टी मिळाली की ते पाठीवर पिशवी टाकून नैर्ऋत्येकडील डोंगरांत जात. १९५८ मध्ये त्यांनी गॉर्डन नदीचा प्रवास छोट्या होडीतून एकट्याने पूर्ण केला. कॅमेरा सतत सोबत असे. या भटकंतीतून वर्षानुवर्षे साठलेला पारदर्शिकांचा म्हणजे रंगीत स्लाइड्सचा संग्रह ७ फेब्रुवारी १९६७ च्या भीषण वणव्यात त्यांच्या घरासह जळून गेला. त्या एका दिवसात टास्मानियात ६२ माणसे मृत्युमुखी पडली.

ट्रुकानास यांचे या पुढील आयुष्य केवळ पाच वर्षांचे आहे. पण या निबंधाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. ज्या वर्षी संग्रह जळाला, त्याच वर्षी गॉर्डन नदीवरील जलविद्युत योजनेला मंजुरी मिळून पेडर सरोवर बुडविण्याचे निश्चित झाले. त्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीस होते. जुने टिपण उरले नव्हते आणि विषयही थोड्याच वर्षांचा सोबती होता. त्यांनी पुन्हा त्याच वाटा तुडविण्यास आरंभ केला. एकच सरोवर पहाटे, दुपारी, पावसात, धुक्यात, वाळूवरच्या वाऱ्याच्या रेघांसह पुनःपुन्हा टिपले. अशा कामात हौस आणि दस्तऐवजीकरण यांमधील सीमारेषा पुसली जाते. इतिहासकार ज्याला संकलन म्हणतो, तेच हे होते. फरक एवढाच की येथे मूळ दस्तऐवजच नष्ट होण्याच्या मार्गावर होता.

त्यांची स्थिती अवघड होती. ज्या आयोगाकडून वेतन मिळे, त्याच्याच योजनेविरुद्ध उघडपणे बोलणे एका कर्मचाऱ्याला सोपे नसते. या अडचणीतून वाट काढली ती चित्रांनी. होबार्टच्या नगरभवनात त्यांच्या पारदर्शिका संगीताच्या साथीने दाखविण्यात आल्या आणि सभागृहे भरून गेली. आकडेवारी, खर्चाचे अंदाज, मेगावॅट यांची भाषा आयोगाकडे होती. त्या भाषेत वाद घालण्याऐवजी ट्रुकानास यांनी पडद्यावर सरोवर ठेवले. जलरंगचित्रकार मॅक्स अँगस व त्यांचे सहकारीही सरोवराकाठी जाऊन चित्रे काढू लागले. (ट्रुकानास यांच्यावरील १९७५ सालचा ग्रंथ अँगस यांनीच सिद्ध केला.) मार्च १९७१ मध्ये शेकडो माणसे सरोवराचे अखेरचे दर्शन घेण्यासाठी पायी वा विमानाने तेथे पोहोचली. त्यांतील अनेकांना त्या जागेचे नावही चार-पाच वर्षांपूर्वी ठाऊक नसावे.

सरोवर मात्र वाचले नाही. ६ जानेवारी १९७२ रोजी, लवकरच धरणाखाली जाणाऱ्या गॉर्डन नदीचे पुन्हा चित्रण करण्यासाठी गेलेले ट्रुकानास नदीत पडून बुडाले. त्याच वर्षी पेडरचे पाणी चढू लागले. मार्च महिन्यात होबार्ट येथे स्थापन झालेला ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ जगातील पहिला हरित राजकीय पक्ष मानला जातो. त्याला एकही जागा मिळाली नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने काम स्थगित ठेवण्याची शिफारस केली, ती राज्य सरकारने फेटाळली. नव्या जलाशयाने सुमारे २४० चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आणि त्यालाही ‘पेडर सरोवर’ हेच नाव देण्यात आले. मूळ वस्तू नष्ट करून तिचे नाव तेवढे राखण्याचा हा प्रकार नकाशाच्या इतिहासात अपूर्व नसला, तरी येथे तो विशेष खटकतो. आजचा नकाशा पाहणाऱ्याला सरोवर मोठे झाले एवढेच वाटेल. ते नाहीसे झाले, हे सांगणारा प्रमुख पुरावा म्हणजे छायाचित्रे.

फ्रँकलिन नदी

ट्रुकानास यांचा मृतदेह ज्यांनी नदीत शोधून काढला, ते पीटर डोम्ब्रोव्हस्किस त्यांचे शिष्य होते. लॅटव्हियन आईच्या पोटी १९४५ मध्ये जर्मनीत जन्मलेले आणि १९५० मध्ये टास्मानियात आलेले डोम्ब्रोव्हस्किस हे पितृछत्राविना वाढले होते. ट्रुकानास त्यांना वडिलांच्या जागी होते. गुरूने नोकरी सांभाळून छायाचित्रण केले, शिष्याने त्याचाच व्यवसाय केला. निसर्गछायाचित्रांची दिनदर्शिका, दैनंदिनी आणि पुस्तके प्रकाशित करून त्यांनी उपजीविका चालविली. हा आर्थिक तपशील गौण नाही. दिनदर्शिका घराच्या भिंतीवर वर्षभर टांगलेली असते. ज्यांनी कधी रानात पाऊल टाकले नाही, त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत ते रान दरमहा पान उलटून पोहोचत होते.

त्यांचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. ते लिनहॉफ या जर्मन बनावटीच्या कॅमेऱ्यावर पाच इंच बाय चार इंच आकाराची सुटी फिल्म वापरीत. असा कॅमेरा हातात धरून चालत नाही. तो ट्रायपॉडवर बसवावा लागतो, डोक्यावर काळे कापड घेऊन धूसर काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा न्याहाळावी लागते आणि प्रत्येक चित्रासाठी फिल्मचा एकेक ताव बदलावा लागतो. हे सर्व सामान तंबू-शिधा यांच्यासह पाठीवर वाहून न्यावयाचे. परिणामी चित्रे थोडी, पण प्रत्येक विचारपूर्वक घेतलेले. प्रखर उन्हापेक्षा ढगाळ हवेतील मंद प्रकाश त्यांना अधिक मानवे, कारण त्यात शेवाळ, ओला खडक आणि पाणी यांचे बारकावे टिकून राहत.

फ्रँकलिन नदीवर धरण बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा पेडरचा अनुभव ताजा होता. डिसेंबर १९८१ च्या सार्वमतात मतदारांसमोर दोन पर्याय होते आणि दोन्हींत धरण होते. तेव्हा सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर ‘धरण नको’ असे स्वहस्ते लिहिले. १९८२ च्या अखेरीस बांधकामाच्या जागी सत्याग्रहाच्या धर्तीवर प्रतिकार सुरू होऊन हजाराहून अधिक आंदोलकांना अटक झाली. ५ मार्च १९८३ च्या केंद्रीय निवडणुकीपूर्वी डोम्ब्रोव्हस्किस यांचे ‘रॉक आयलंड बेंड’ या वळणावरील धुक्याचे छायाचित्र मोठ्या वृत्तपत्रांतून पानभर रंगीत जाहिरातीच्या रूपाने प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रात रंगीत पान त्या काळी दुर्मीळ होते. हे नष्ट करणाऱ्या पक्षाला आपण मत देऊ शकाल काय, अशा आशयाचा प्रश्न चित्रासोबत छापला होता.

बॉब हॉक यांचा मजूर पक्ष विजयी झाला. धरण रोखण्यासाठी कायदा करण्यात आला आणि १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो वैध ठरविला. येथवरची कथा अनेकदा ‘एका छायाचित्राने नदी वाचविली’ अशी सांगितली जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. बेरोजगारी आणि आर्थिक मंदी हेही त्या निवडणुकीतील मोठे प्रश्न होते. शिवाय ज्या टास्मानियात ही नदी आहे, तेथील पाचही जागा त्याच निवडणुकीत विरोधी लिबरल पक्षाने जिंकल्या. स्वस्त विजेवर उद्योग आणि रोजगार उभे करण्याचे स्वप्न तेथे अनेक दशके जोपासले गेले होते. तेथील मतदाराला धरण म्हणजे नोकरी होती. छायाचित्राची किमया घडली असेल तर ती मेलबर्न-सिडनीच्या, नदी कधीही न पाहिलेल्या वाचकावर. जवळच्या माणसाला परिसराचे जे मोल वाटते आणि दूरच्या माणसाला चित्रातून जे वाटते, त्यांत हे अंतर असते. निसर्गछायाचित्राच्या सामर्थ्याचे मूल्यमापन करताना ते विसरून चालणार नाही.

चित्रात न दिसणारी माणसे

धरण म्हटले की मराठी वाचकाच्या मनात मुळशीचा सत्याग्रह उभा राहतो. कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावे आठवतात. आपल्याकडे धरणाचा प्रश्न प्रथम माणसांच्या जमिनीचा व घरांचा असतो. पेडर आणि फ्रँकलिन यांच्या चित्रांत माणूस जवळजवळ नाही आणि हेच त्यांचे सौंदर्य मानले गेले. परंतु ही निर्मनुष्यता नैसर्गिक नव्हती. एकोणिसाव्या शतकात वसाहतवाद्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांची केलेली कत्तल आणि हकालपट्टी तिच्यामागे आहे. फ्रँकलिनकाठच्या कुटिकिना गुहेत १९८१ च्या उत्खननात दगडी हत्यारे व प्राण्यांची हाडे विपुल प्रमाणात मिळाली आणि सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, तेथे माणसे राहत होती हे सिद्ध झाले. न्यायालयासमोरील युक्तिवादात या पुरातत्त्वीय वारशालाही स्थान होते. अर्थात ज्या प्रदेशाला छायाचित्रकार ‘अस्पर्श’ समजत होते, त्याच्या रक्षणास त्याच प्रदेशातील मानवी वस्तीचा पुरावा उपयोगी पडला. छायाचित्रकारांना याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांचे ज्ञान त्यांच्या काळाचे होते. मात्र अभ्यासकाने छायाचित्र वाचताना चौकटीत काय आहे याइतकेच काय नाही हेही विचारले पाहिजे.

बुडालेल्या सरोवराचा पुरावा

डोम्ब्रोव्हस्किस यांचे १९९६ मध्ये वेस्टर्न आर्थर पर्वतरांगेत छायाचित्रणासाठी गेले असता हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या पारदर्शिकांचा मोठा संग्रह आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ट्रुकानास यांच्या पेडर-चित्रांना तर अभिलेखाहून निराळाच अर्थ प्राप्त झाला आहे. जलाशय रिकामा करून मूळ सरोवर परत मिळवावे, अशी मागणी १९९० नंतर जोर धरू लागली आणि ती अद्याप संपलेली नाही. केवळ याच सरोवरात आढळणारी पेडर गांडुळाची जात नामशेष झाली. ‘पेडर गॅलॅक्सियस’ हा मासा मूळ अधिवासातून नाहीसा झाला असला, तरी अन्यत्र सोडल्यामुळे टिकून आहे. तेव्हा सर्व काही परत येणार नाही, हे उघड आहे. परंतु काठ कोठे होता, चौपाटी किती रुंद होती, वाळूच्या टेकड्या कोणत्या बाजूला होत्या, हे ठरविताना ती छायाचित्रे उपयोगी पडतात. १९९० च्या दशकात संशोधकांनी पाणबुड्यांच्या साहाय्याने तळाची पाहणी केली, तेव्हा सुमारे पंधरा मीटर पाण्याखाली चौपाटी जवळजवळ जशीच्या तशी आढळली. गुलाबी वाळूवर साचलेला गाळ काही मिलिमीटर जाडीचा होता.