म्हातारीच्या दातापासून राउटरपर्यंत

१/ अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये दाराच्या चौकटीवरील नक्षीदार कड हातरंध्यानेच काढली जाई. जो आकार हवा, त्याचा उलटा आकार रंध्याच्या तळाला आणि पात्याला दिलेला असे. त्यामुळे प्रत्येक आकारासाठी वेगळा रंधा लागे आणि सुताराची पेटी जड होत जाई.

२/ खाचेचा तळ सारखा करण्याचे अवजार निराळे होते. लाकडी ठोकळ्यातून खाली डोकावणारे एकच पाते पाहून इंग्रज कारागीर त्याला ‘म्हातारीचा दात’ म्हणत. १८८० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीने हेच अवजार ओतीव लोखंडात आणले.

३/ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील आर. एल. कार्टर यांनी विजेवर चालणारा, हातात धरता येणारा राउटर घडवला. १९२९ मध्ये त्यांचा व्यवसाय स्टॅन्लीने विकत घेतला. आता रंध्यांच्या रांगेऐवजी एक मोटर आणि मूठभर बिट पुरेसे झाले.

४/ मात्र वेग वाढला की उष्णता वाढते आणि साध्या पोलादाची धार तापून उतरते. यावरचा एक उपाय म्हणजे अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर आणि माउन्सेल व्हाइट यांचे हायस्पीड स्टील. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते जगाने पाहिले. पुढे १९२३ मध्ये जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची कठीण मिश्रधातू सिद्ध केली. क्रुप कंपनीने तिला ‘विडिया’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘हिऱ्यासारखे’. आजच्या बहुतेक बिटांच्या धारेला हीच मिश्रधातू असते.

५/ धार टिकली, तरी जोडणी चुकली की सारे व्यर्थ. बिटचा दांडा कॉलेटमध्ये तळापर्यंत घालून दोन-तीन मिलिमीटर वर ओढून मगच आवळायचा असतो. तळाला टेकलेल्या दांड्यावर कॉलेटची पकड नीट बसत नाही, आणि चालू यंत्रात सैल झालेला बिट हा जिवाशी खेळ ठरतो.

६/ वेगाचा हिशेबही व्यासावर ठरतो. मिनिटाला २०,००० फेऱ्यांवर १२ मिमी बिटची धार सेकंदाला सुमारे १२.६ मीटर धावते. तेवढ्याच फेऱ्यांवर ७५ मिमी बिटची धार सुमारे ७८.५ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटरहून अधिक वेग गाठते. म्हणूनच मोठ्या बिटसाठी फेऱ्या निम्म्यापर्यंत उतरवतात आणि खोल खाच एकदम न घेता थोडी थोडी घेतात.

७/ दिशेलाही नियम आहे. वरून पाहता बिट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. म्हणून फळीच्या बाहेरील कडेने हातराउटर उलट दिशेने, तर आतील कडेने काट्याच्या दिशेने न्यावा. नियम मोडला की बिट लाकडावर चढून पळू लागतो आणि यंत्र हाताबाहेर जाते.

८/ हायस्पीड स्टीलचे हेच टेलर पुढे ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चे प्रणेते म्हणून गाजले. कामाचे ज्ञान कारागिराकडून काढून नियोजन कचेरीकडे सोपवावे, हे त्यांच्या विचाराचे सार होते. राउटरच्या बाबतीत ते अर्धेच साधले. आकार बिटमध्ये गेला. पण पकड, खोली, वेग आणि दिशा ठरवणारी जाण सुताराकडेच राहिली. आजही नवा बिट लावला की जाणता कारागीर आधी टाकाऊ तुकड्यावर खाच घेऊन पाहतो, आणि मगच चांगल्या फळीला हात लावतो.