बापाचा रकाना

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्याकडे बापांची यादी निघते. माझी यादी आज्यापाशी अडते. त्याची आई, म्हणजे माझी पणजी, गडहिंग्लजकडची. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेली जोगतीण. आज्याचा बाप कोण, हे घरात कुणी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. पुतणीच्या जातपडताळणीसाठी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची वेळ आली, तेव्हा विचारणे भाग पडले.

कागद बघायला बसलो तर बाप हजर! शाळेच्या जनरल रजिस्टरात आज्याच्या नावापुढे बापाचे नाव स्वच्छ अक्षरात होते. ते नाव पणजीच्या बापाचे. म्हणजे कागदोपत्री आजा आपल्याच आईचा भाऊ. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, पणजीच्या आईच्या मृत्यूची नोंद सापडली. ती आज्याच्या जन्माच्या तीन वर्षे आधीची होती. मेलेल्या बाईला मूल कसे होईल?

ही मास्तराची चूक नव्हे. प्रथेनुसार देवीला सोडलेली मुलगी बापाच्या घरी मुलासारखी राही, तिची पोरे तिच्या बापाच्या नावाने वाढत. झुलवा ज्याच्याशी लागला त्याच्यावर पोराची जबाबदारी नाही. वरच्या जातीतल्या पुरुषाला बाई मिळावी, पण नाव आणि जमीन द्यावी लागू नये, अशी ही चोख व्यवस्था. म्हणून ‘अज्ञात बाप’ हा शब्द मला खटकतो. गावाला सगळे ठाऊक असते. १९८४ साली ‘अक्करमाशी’त शरणकुमार लिंबाळे यांनी आपल्या पाटील बापाविषयी उघड लिहिले, तेव्हापासून तरी साहित्यात हे झाकलेले नाही. दप्तरात मात्र झाकलेलेच आहे. शाहू महाराजांचा कायदा १९२० चा, मुंबई इलाख्याचा १९३४ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. हे सारे मुली सोडण्याविरुद्धचे. जुन्या रजिस्टरातला रकाना ते कसा बदलणार?

एका शिकलेल्या भाच्याने उपाय सुचवला : डीएनए. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, तेव्हा आज्याच्या बापाचे माझ्यात आहेच. खरे आहे. पण जुळवून बघायला वाड्यातल्या पुरुषाची थुंकी लागेल. पेशवाईत आमच्या थुंकीने रस्ता बाटू नये म्हणून गळ्यात मडके होते. आता त्यांची थुंकी मागायला कुणाच्या दारात उभे राहू? आणि ती मिळाली, तरी माझ्या हाती काय येणार? त्यांचे आडनाव मला नको आहे.

पेच वेगळाच आहे. रजिस्टरातले खोटे नाव चालू ठेवले तर पुतणीचे काम सरळ होते. खरे लिहिले तर समिती विचारणार, बाप वरच्या जातीचा असेल तर आजा कुठल्या जातीचा? २०१२ साली रमेशभाई नायका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिश्र विवाहाच्या संततीबाबत सांगितले की मूल बापाच्याच जातीचे असा अटळ नियम नाही. ते आईच्या समाजात वाढले, त्या समाजाचे हाल त्याने भोगले, हे पुराव्याने दाखवता येते. आज्याने महारवाड्यातच दिवस काढले. इथे विवाहच नव्हता, हे वकिलाने बजावले.

पुतणी म्हणाली, “काका, खरंच लिहा.”

तक्ता पणजीच्या नावापासून सुरू केला आहे. सोबत तिच्या आईच्या मृत्यूनोंदीची नक्कल जोडली. प्रकरण समितीपुढे आहे.