जन्मनोंदींत उमटलेले भय

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि कायदे यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. त्या काळात सामान्य माणसाच्या मनावर काय गुदरले, याची नोंद क्वचितच सापडते. अशी एक नोंद अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या जन्मदप्तरात सापडली आहे. तिच्याकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे विमानहल्ले झाले आणि सुमारे ३,००० माणसे प्राणास मुकली. शोकाबरोबर संतापही उसळला. चारच दिवसांनी ॲरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोढी या शीख गृहस्थाचा, त्यांच्या पगडीमुळे भलताच समज करून घेऊन, खून करण्यात आला. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी १७ सप्टेंबरला वॉशिंग्टनमधील मशिदीत जाऊन संयमाचे आवाहन केले, हे त्यांच्या श्रेयात जमा धरलेच पाहिजे. तरीही मुसलमानांविरुद्धच्या द्वेषमूलक घटना, ज्या सरकारी नोंदीप्रमाणे २००० साली २८ होत्या, त्या २००१ साली ४८१ झाल्या. २००२ पासून २५ देशांतून, बहुतेक मुसलमानबहुल देशांतून, तात्पुरते आलेल्या पुरुषांस ठसे व छायाचित्रे देऊन सरकारदरबारी नोंद करावी लागली. तो नियम पुरता रद्द होण्यास २०१६ साल उजाडले.

परंतु ज्यांच्यावर कोणी हात उगारला नाही, त्यांचे काय? शिकागो विद्यापीठातील डायान लॉडरडेल यांनी २००६ साली याचे उत्तर शोधले. हल्ल्यांनंतरच्या सहा महिन्यांतील कॅलिफोर्नियातील जन्म त्यांनी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले. अरबी नावाच्या मातांत अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण ठळकपणे वाढले होते. इतर समाजांत तशी वाढ नव्हती. या माता सर्वच मुसलमान होत्या असे नाही. पण द्वेष धर्माची चौकशी करीत बसत नाही, तो नाव ऐकतो. आपले नाव सांगण्यापूर्वी ज्याला आजूबाजूस पाहावे लागते, त्याच्या मनास विसावा कोठून मिळावा? आणि मनाचा ताण दीर्घकाळ टिकला की तो शरीरातही उतरतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिशिगन राज्यात अशीच पाहणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत असा फरक आढळला नाही. त्या राज्यातील डिअरबॉर्नमध्ये अरबांची जुनी व दाट वस्ती आहे. आपल्या माणसांचा शेजार तेथे मनाला ढालीसारखा उपयोगी पडला असावा, असा आमचा तर्क आहे. तो सिद्धान्त नव्हे.

हा तर्क खरा असेल, तर त्यातून निघणारा बोध आपल्या आवाक्यातला आहे. कायदे करणे व मोडणे राजधानीत चालते. शेजाऱ्याला त्याच्या नावाने, संशयाविना हाक मारणे मात्र प्रत्येक गल्लीत शक्य आहे. त्या हाकेचे मोल किती, हे अजून न जन्मलेल्या बालकांच्या वजनावरून मोजता येते, एवढे इतिहासाने आपणांस दाखविले आहे.